मनाचा दवाखाना : आत गेल्यावर काय होते?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात महिला मंडळातील चौघींच्या वतीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





दरवर्षी या कार्यक्रमात महिला मंडळाच्या वाट्याला थोडा वेळ येतो. कधी आम्ही माता रमाईंवर बोललो, कधी मुलींच्या शिक्षणावर, गेल्या खेपेला बचत गटावर. यंदा विषय कोणता घ्यावा याची चर्चा चालली होती, तेव्हा आम्हा चौघींतलीच एक म्हणाली, "यंदा माझ्या आजारावर बोला." आम्ही गप्पच झालो. मग तीच पुढे म्हणाली, "मी मनाच्या डॉक्टरकडे जाते हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण आत काय होते ते कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे ज्याला गरज आहे तोसुद्धा जायला घाबरतो. ते सांगा. माझे नाव घेऊ नका, पण सांगा." तेव्हा आजचे बोलणे तिच्या परवानगीने आहे. आम्ही डॉक्टर नाही. दोन वर्षे तिच्यासोबत रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून, तिथल्या लोकांना विचारून आणि वाचून जे समजले तेवढेच सांगणार आहोत.

आधी आमची चूक सांगतो, कारण तिथूनच सुरुवात करणे प्रामाणिकपणाचे होईल.

२०२१ साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिचे मिस्टर गेले. त्यानंतर वर्षभर ती उभी होती. पोळीभाजीचे डबे चालू, मुलीची दहावी चालू, बँकेची कागदपत्रे, मृत्यूचा दाखला, सगळीकडे एकटीच धावत होती. आम्ही म्हणायचो, बाई वाघीण आहे. २०२२ चा पावसाळा सरला आणि हळूहळू तिचे काहीतरी बिघडत गेले. डबे बंद झाले. पहाटे तीनला जाग यायची ती पुन्हा डोळा लागायचा नाही. कुकर गॅसवर ठेवून विसरायची. छातीत धडधडते म्हणून ईसीजी काढला, तो अगदी नॉर्मल आला. रविवारच्या वंदनेला येणे तिने सोडले. दारात गेलो तर आतूनच "बरे वाटत नाही" म्हणायची.

आम्ही काय केले? आम्ही तिच्या घरी गेलो, तिच्याच हातचा चहा प्यायलो आणि तिला सुनावून आलो. "रमाईंनी चार लेकरे गमावली, गोवऱ्या थापल्या, तरी त्या डगमगल्या नाहीत. आणि तू? तू बाबासाहेबांची लेक ना? मग रडतेस कशाला?" आम्हाला वाटले, आपण धीर दिला. खरे तर आम्ही रमाईंचे दुःख मोजपट्टीसारखे तिच्यासमोर धरले आणि "तू उंचीला कमी पडतेस" असे सांगून आलो. रमाईंनी जे सोसले ते आपल्याला सोसावे लागू नये म्हणून बाबासाहेबांनी सगळा लढा दिला, हे त्या दिवशी आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आले नाही.

पुढे तिचा भाचा तिला समुपदेशनाला घेऊन गेला. दोन बैठका झाल्या. वस्तीत कुजबुज सुरू झाली, "तिच्या डोक्यावर परिणाम झालाय." आणि आम्ही तिच्या मैत्रिणी! आम्ही नळावर तिला विचारले, "काय गं, आत काय विचारतात? आमच्याबद्दल काही बोललीस का?" तिसऱ्या बैठकीला ती गेलीच नाही. चार महिने असेच गेले. एका रात्री तिची मुलगी अनवाणी धावत आमच्यापैकी एकीच्या दारात आली. म्हणाली, "मावशी, चला. आई म्हणतेय, मला आता जगायचे नाही." ती रात्र आम्ही चौघींनी तिच्या घरात जागून काढली. सकाळी पहिल्या लोकलने तिला महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेलो. मुली, तुझ्यामुळे आई आज आहे, हे आम्ही सर्वांसमोर सांगतो.

तर हा विषय आम्हाला पुस्तकातून सुचलेला नाही.

बंधू-भगिनींनो, हा आजार तिला एकटीलाच होतो असेही नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशातल्या १२ राज्यांत घरोघरी जाऊन पाहणी केली. शंभर प्रौढ माणसांमागे दहाहून अधिक जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि त्यातल्या शंभरापैकी सत्तराहून अधिक जणांना उपचार मिळत नव्हते. आता आपल्या वस्तीतली घरे मनातल्या मनात मोजा. आम्ही रुग्णालयाच्या त्या रांगेत बसलो तेव्हा पाहिले : बँकेतले साहेब होते, कॉलेजची मुलगी होती, एक पोलीस होते, नुकतेच बाळंतपण झालेली बाई होती. आपण समजतो तसे साखळदंडाने बांधलेले तिथे कुणी नव्हते.

आता आत काय होते ते सांगतो.

पहिली गोष्ट, तिथे कोण कोण असते. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनाच्या आजारांचे शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, ते चाचण्या घेतात आणि बोलण्यातून उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि नोंदणी आहे का हे विचारण्यात काहीच गैर नाही. समुपदेशक हे संवादातून माणसाला त्याची अडचण सोडवायला मदत करतात. कुणाकडे जायचे हे आपल्याला कळले नाही तरी चालते. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकार विभागात गेले की पुढची वाट तेच दाखवतात. मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत हा विभाग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालयात विचारावे.

पहिली बैठक बहुतेक विचारपूस करण्यातच जाते. झोप कशी आहे, भूक कशी आहे, हे कधीपासून आहे, घरात कोण कोण, आधी कुणाला असा त्रास होता का, कुठली औषधे चालू आहेत, दारू-तंबाखू आहे का, जीव द्यावासा वाटतो का. हा शेवटचा प्रश्न ऐकून आमची मैत्रीण दचकली होती. पण तो सगळ्यांना विचारतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनात कोंडलेले बोलायला वाट मिळते.

मग एक छोटा कागद देतात. त्यावर नऊ प्रश्न असतात. मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटले, किती दिवस कामात रस वाटला नाही, असे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. ही काही नापास करणारी परीक्षा नव्हे. ताप मोजायला थर्मामीटर लावतो तसेच हे. दर काही आठवड्यांनी तोच कागद पुन्हा भरून घेतात, म्हणजे उतार पडतो आहे की नाही ते दोघांनाही दिसते.

खासगी ठिकाणी बैठक पाऊण तास ते तासभर चालते. सरकारी ठिकाणी गर्दीमुळे ती कमी वेळाचीही असते. बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा, पुढे पंधरवड्याने. झोपवून, घड्याळ हलवून मनातले काढून घेतात असे काही नाही. दोन खुर्च्या, एक टेबल, आणि समोर ऐकणारे माणूस. रडू आले तर रडू देतात. गप्प बसावेसे वाटले तर गप्प बसू देतात. आमची मैत्रीण सांगते, "माझे मिस्टर गेल्यापासून मला मधेच न तोडता ऐकणारे पहिले माणूस मला तिथे भेटले." हे ऐकून आमच्या माना खाली गेल्या.

आता नळावरच्या प्रश्नाचे उत्तर. आत बोललेले बाहेर जाते का? नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्यात रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. नवऱ्याला, सासूला, ऑफिसला, कुणालाही ती परवानगीशिवाय सांगता येत नाही. याला मोजके अपवाद आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरते सांगावे लागते. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणे बंधनकारक आहे. चांगला समुपदेशक हे पहिल्याच दिवशी सांगतो. नाही सांगितले तर आपण विचारावे.

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपासून खरे काम सुरू होते, आणि ते काम जास्त करून आपल्यालाच करायचे असते. पुष्कळ जण इथेच निराश होतात. त्यांना वाटते, समुपदेशक म्हणजे सल्ला देणारा मोठा माणूस, तो सांगेल अमुक कर, तमुक कर. तसे होत नाही. तिला एक दोनशे पानी वही आणायला सांगितली. तिच्यात रकाने आखून दिले : काय घडले, मनात काय आले, कसे वाटले, मग मी काय केले.

एके दिवशी तिने लिहिले, "सकाळी शेजारीण माझ्याशी बोलली नाही. मनात आले, मी आता सगळ्यांना नकोशी झाले. वाईट वाटले. दिवसभर झोपून राहिले." समुपदेशकबाईंनी "तुझे चुकले" असे म्हटले नाही. एवढेच विचारले, "ती न बोलण्याची आणखी काय कारणे असू शकतील?" ही विचार करून म्हणाली, "त्या दिवशी पाणी लवकर गेले होते, ती हंडा घेऊन पळत होती." बाई म्हणाल्या, "लिहा तेही." बस्स. असे आठवड्यामागून आठवडे. घटना एक असते, आपण तिला जोडलेला अर्थ दुसरा असतो, आणि त्या अर्थामुळे आपण अंथरुणाला खिळतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे डॉ. आरॉन बेक यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली आणि आज ती जगभर वापरली जाते.

दुसरी पद्धत आणखी साधी आहे आणि ती आपल्या शेजारी गोव्यात तपासून पाहिलेली आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. उदास माणूस म्हणतो, "बरे वाटले की उठेन, कामाला लागेन." पण पडून राहिल्याने बरे वाटत नाही, म्हणून तो उठत नाही, आणि न उठल्याने आणखी वाईट वाटते. या चक्रात मन बदलण्याची वाट न पाहता आधी एक छोटी कृती करायची. कृती अगदी ठरवलेली हवी : किती वाजता, कुठे, कुणाबरोबर. "जरा बाहेर पडत जा" असे मोघम सांगणे कामाचे नाही, ते तर आम्हीही सांगत होतो. तिची पहिली कृती होती : "सकाळी साडेसातला तुळशीला नव्हे, तर खिडकीतल्या कडीपत्त्याला पाणी घालणे." हे सांगताना ती स्वतःच हसते. दुसऱ्या आठवड्यात खाली उतरून दूध आणणे. तिसऱ्या आठवड्यात एका माणसाचा डबा. फक्त एका.

गोव्यातल्या संगाथ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा उपचार तपासला. तीव्र उदासीनता असलेली ४९५ माणसे त्यात होती. समुपदेशक म्हणून मोठे तज्ज्ञ नव्हते. गावातलीच, आधी या विषयाचे शिक्षण नसलेली माणसे निवडून त्यांना शिकवले होते, आणि त्यांच्या कामावर देखरेख होती. अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ बैठका, एवढाच उपचार. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा हे समुपदेशन मिळालेल्यांपैकी शंभरात ६४ जण त्या उदासीनतेतून बाहेर आले होते. ज्यांना केंद्रातली नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ होते. हा अभ्यास लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आहे. याचे दोन अर्थ आहेत. एक, बोलण्याचा उपचार म्हणजे श्रीमंतांची चैन नव्हे, आरोग्य केंद्राच्या बाकड्यावरही तो लागू पडतो. दोन, त्या ६४ च्या पलीकडे उरलेले ३६ आहेत. म्हणजे सगळ्यांना एकाच उपचाराने गुण येत नाही. ज्याला आला नाही त्याने स्वतःला दोष न देता डॉक्टरांना सांगावे आणि पुढचा मार्ग विचारावा.

हे ऐकताना आम्हाला किसा गौतमीची आठवण झाली. मेलेले मूल कडेवर घेऊन ती तथागतांकडे औषध मागायला आली. तथागतांनी तिला "रडू नकोस" म्हटले नाही, आणि दुसऱ्या कुठल्या धीराच्या बाईचे उदाहरणही दिले नाही. ज्या घरात कुणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, एवढेच एक काम दिले. ती दारोदार चालली, प्रत्येक दारात कुणीतरी तिला आपले दुःख सांगितले, आणि तिचे तिलाच उमगले. ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो आहोत. तरी वेळ आली तेव्हा आम्ही भाषण देऊन आलो, मोहरी आणायला कुणी पाठवले नाही.

आता औषधाविषयी. सगळ्यांना औषध लागत नाही. तिला लागले. त्याबद्दल तीन गोष्टी डॉक्टरांनी सांगितल्या. उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण दोन-चार आठवड्यांनी जाणवू लागतो, दोन दिवसांत नाही. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, झोपेत फरक असा त्रास होऊ शकतो, तो डॉक्टरांना सांगावा. आणि बरे वाटले म्हणून गोळ्या एकदम बंद करू नयेत, त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायच्या असतात. या गोळ्यांचे दारूसारखे व्यसन लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, म्हणून शेजारणीने दिलेली गोळी कधी घेऊ नये. आणि ज्या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी मागावर आहे असे ठामपणे वाटते, तिथे नुसत्या बोलण्यावर भागत नाही, औषध लागतेच.

मन काही शरीरापासून वेगळे काढून ठेवलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ सालीच आरोग्याच्या व्याख्येत शरीर, मन आणि समाजातले जगणे हे तिन्ही एकत्र धरले. तिच्या रक्ताच्या तपासण्या आधी केल्या. थायरॉइड कमी असेल, रक्त कमी असेल, बी-१२ कमी असेल तरी माणूस मलूल होतो, कशात मन लागत नाही. तिचे हिमोग्लोबिन कमी निघाले. वर्षभर दुसऱ्यांचे डबे भरताना बाई स्वतः चहा-पावावर होती! मग लोहाच्या गोळ्या आल्या, ठरल्या वेळी जेवण आले, रोज झोपायची-उठायची एकच वेळ आली, संध्याकाळी अर्धा तास चालणे आले. चालायला आम्ही पाळीपाळीने जाऊ लागलो. हल्ली सर्वांगीण आरोग्य म्हणून मोठमोठ्या जाहिराती येतात, तेल, दगड, यंत्रे विकतात. आमच्या समजुतीप्रमाणे सर्वांगीण म्हणजे एवढेच : झोप, जेवण, चालणे, काम, माणसे, आणि गरज असेल तिथे डॉक्टर.

विपश्यनेबद्दल पुष्कळ जण विचारतात, म्हणून सांगतो. आमच्यातल्या दोघी इगतपुरीला दहा दिवसांचे शिबिर करून आल्या आहेत. त्याचा आम्हाला लाभ झाला. पण गंभीर मानसिक आजार असलेल्याने उपचाराऐवजी शिबिराला जावे, असे शिबिर घेणारेही म्हणत नाहीत. अर्जातच आजाराची आणि औषधांची माहिती विचारलेली असते. ती लपवू नये. आधी डॉक्टरांना विचारावे. ध्यान हे ध्यानाच्या जागी, औषध औषधाच्या जागी.

समुपदेशक चांगला नसेल तर? असेही होते. भाच्याने तिला पहिल्यांदा नेले ते एक खासगी ठिकाण होते. तिथल्या बाईंनी आडनाव विचारले, गाव विचारले, आणि मग "तुमच्या लोकांत आता सगळे मिळतेच की" असे म्हणाल्या. दहा बैठकांचे पैसे आधी भरा, म्हणजे नक्की बऱ्या व्हाल, असेही सांगितले. कुजबूज होती हे खरे, पण तिने जाणे बंद केले त्याला हेही एक कारण होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. म्हणून सांगतो : नक्की बरे करण्याची हमी देणारा, तुमच्या जातीवरून, कपड्यांवरून किंवा बाईपणावरून टोमणा मारणारा, स्वतःच्याच गोष्टी सांगत बसणारा, खोलीबाहेर नको ती जवळीक करणारा, असा कुणी भेटला तर उठून यावे. डॉक्टर बदलतो तसा समुपदेशक बदलता येतो. एका वाईट अनुभवाने सगळा उपचारच टाकून देऊ नये.

याच ओघात आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना एक सांगायचे आहे. होस्टेलवर, वर्गात "कोट्यातून आलास" असे ऐकून तुम्हाला झोप येत नसेल, तर तो तुमच्या विचारांचा दोष नाही. तो अन्याय आहे, आणि चांगला समुपदेशक त्याला अन्यायच म्हणतो. समुपदेशन म्हणजे अपमान गिळायला शिकणे नव्हे. रात्री झोप यावी, अभ्यास व्हावा, आणि तक्रार करायला हातात बळ राहावे यासाठी ते आहे. तुम्ही दोन्ही करा. तक्रार लिहायला विहारात या, आपल्यात वकील आहेत, शिक्षक आहेत. आणि मन थकले असेल तर तेही सांगा. एकट्याने सोसू नका.

आता घरच्यांसाठी. बैठकीहून माणूस घरी आले की "काय विचारले?" असे विचारू नये. "जेवतेस ना?" एवढे विचारावे. काही बैठकांनंतर माणूस जास्तच गप्प किंवा रडवेले होते. जखम धुताना झोंबते, तसे ते असते. त्यावरून उपचार चुकला असे समजू नये, पण तसेच राहिले तर पुढच्या वेळी तिने ते आत सांगावे. तिच्या वहीला हात लावू नये. जायचा दिवस चुकू देऊ नये, त्या दिवशी घरातले एखादे काम दुसऱ्याने करावे. "बरी झालीस ना आता?" असे दर आठ दिवसांनी विचारू नये. उतार हळूहळू पडतो, मधे एखादा वाईट आठवडाही येतो.

आणि कुणी "जगायचे नाही" म्हणाले तर ते नाटक समजू नये. सरळ, शांतपणे विचारावे, "जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवले आहेस का?" त्याला एकटे सोडू नये, औषधे, कीटकनाशक, दोर अशा वस्तू दूर कराव्यात, आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. पोलीस केस होईल म्हणून लपवू नये. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचार आणि आधार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले तर सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे. क्रमांक १४४१६. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक घरोघरी कॅलेंडरवर लिहून ठेवा. ज्यांचा आरोग्य विमा आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे, की त्याच कायद्याप्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. पॉलिसी नीट वाचून घ्यावी.

शेवटी विहार समितीकडे एक विनंती. आम्ही ती मागच्या बैठकीत मांडली होती. तेव्हा काही ज्येष्ठ मंडळी म्हणाली, "असे केले तर लोक विहाराला वेड्यांचा दवाखाना म्हणतील." आम्ही त्यांचा आदर करतो. पण आम्हाला विहारात दवाखाना काढायचाच नाही. आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. फलकावर कायमस्वरूपी १४४१६ हा क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागाचे वार लिहावेत. रुग्णालयात सोबत जायला तयार असलेल्या बायका-पुरुषांची एक यादी समितीकडे असावी; आम्हा चौघींची नावे आजच लिहून घ्या. आणि वर्षातून एकदा या सभागृहात एखाद्या तज्ज्ञाला बोलवावे, म्हणजे आमच्यासारख्या ऐकीव माहितीवर कुणाला अवलंबून राहावे लागणार नाही. सोबत जाणाऱ्याने एक नियम पाळायचा : बाकड्यावर बसायचे, आत डोकवायचे नाही, आणि वस्तीत येऊन बोलायचे नाही. हा नियम आम्ही मोडला होता म्हणून तो आम्हीच सांगतो आहोत.

आमची मैत्रीण आज इथे आहे. ती पूर्ण बरी झाली का, असे कुणी विचारू नका. तिचे रोजचे सात डबे चालू आहेत, महिन्यातून एकदा ती रुग्णालयात जाते, कधीकधी पहाटे तीनला जाग येते, आणि तेव्हा ती आमच्यापैकी कुणालाही फोन करते. आम्ही उचलतो. आता आम्ही फारसे बोलत नाही, ऐकतो.